डेझर्ट गोल्ड बघायला पहिल्यांदाच निघालात तर

फेब्रुवारी कलला की कॅलिफोर्नियातल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फोटो फिरू लागतो. मागे उघडेबोडके तपकिरी डोंगर आणि पुढे नजर जाईल तिथवर पिवळीधमक फुलं. खाली लगेच विचारणा येते: हे कुठे आहे? या शनिवारी गेलो तर दिसेल का? खरं सांगायचं तर या प्रश्नाचं निम्मं उत्तर आधीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या पावसाने देऊन टाकलेलं असतं. ते उत्तर स्वतःचं स्वतः वाचता आलं, तर सात-आठ तास गाडी हाकून रिकाम्या रेतीसमोर उभं राहायची वेळ येत नाही. हा लेख त्यासाठीच आहे. नुकतेच अमेरिकेत आलेले विद्यार्थी, नोकरदार आणि मुलांकडे राहायला आलेले आई-बाबा, सगळ्यांनाच उपयोगी पडावा.

फोटोतलं ते फूल बहुतेक वेळा डेझर्ट गोल्ड असतं. त्यालाच डेझर्ट सनफ्लॉवर असंही म्हणतात, शास्त्रीय नाव जेरिया कॅनेसेन्स. सूर्यफूल, झेंडू, शेवंती आणि आपल्या सह्याद्रीवरची सोनकी ज्या कुळातली, त्याच कुळातलं हे. अमेरिकेच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातली मोहावी आणि सोनोरन ही दोन वाळवंटं त्याचं घर: कॅलिफोर्नियाचा आग्नेय भाग, नेवाडा आणि युटा यांची दक्षिण टोकं, पश्चिम ॲरिझोना आणि सीमेपलीकडे मेक्सिकोतले सोनोरा व बाहा कॅलिफोर्निया. झाड वर्षायू आहे. बी रुजतं, वाढतं, फुलतं, नवं बी टाकतं आणि उन्हाळा तापायच्या आत वाळून जातं. सगळा संसार तीन-चार महिन्यांत आटपतो. उरलेला काळ, आणि पाऊस नसेल तर वर्षानुवर्षं, हे झाड म्हणजे वाळूत पडलेलं एक काळपट चपटं बी असतं.

सगळ्यात आधी पाऊस

आपल्याकडे कासच्या पठारावर फुलं कधी, हे साधारण ठरलेलं असतं. पावसाळा येतोच, म्हणून ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत कधीही गेलं तरी काही ना काही फुललेलं मिळतं. ही सवय वाळवंटात उपयोगाची नाही. डेथ व्हॅली हे कॅलिफोर्नियाच्या पूर्व कडेचं वाळवंटी नॅशनल पार्क; त्याच्या तळाशी वर्षभरात सरासरी जेमतेम पाच सेंटिमीटर पाऊस पडतो, म्हणजे दोन इंच. कोकणात आषाढातल्या एकाच जोरदार दिवशी याहून जास्त पडतो. तोही पडेलच याची खात्री नाही, आणि पडला तरी योग्य वेळी पडेल याची तर त्याहून नाही.

बी रुजायला लागणारा पहिला पाऊस शरद ऋतूत यावा लागतो, आणि एका दमात निदान अर्धा इंच तरी पडावा लागतो. कारण या बियांवर रुजणं रोखून धरणारी द्रव्यं असतात. ती धुऊन निघाल्याशिवाय बी हलत नाही. कॅलटेकमधले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेन्ट यांनी १९४०-५० च्या दशकांत वाळवंटातली माती प्रयोगशाळेत आणून यावर काम केलं. मातीवर वरून पाऊस पाडला तर बिया रुजल्या. तीच माती खालून भिजवली तर ओल असूनही रुजल्या नाहीत. म्हणजे बीला नुसती ओल पुरत नाही, वरून पाणी झिरपून ती द्रव्यं वाहून जावी लागतात. शिंतोडे पडून गेले तर बी फसत नाही. सगळी बियाणी एकाच वर्षी रुजतही नाहीत; काही मागे राहतात, पुढच्या एखाद्या चांगल्या वर्षासाठी. मला हे फुलाइतकंच सुंदर वाटतं.

पहिल्या पावसानंतर हिवाळाभर थोड्या थोड्या अंतराने हलक्या सरी लागतात. एकदाच धो धो पडून नंतर दोन महिने कोरडे गेले तर रोपं सुकतात. शिवाय ऊन पुरेसं हवं आणि कोरडा वारा नको. हा वाऱ्याचा मुद्दा नवखे लोक विसरतात. पाऊस उत्तम झालेला असताना फेब्रुवारीत आठवडाभर कोरडे वारे सुटले, तर कोवळी रोपं जागच्या जागी जळाल्यासारखी होतात.

या सगळ्या गोष्टी एका वर्षात जुळून येणं दुर्मीळच. डेथ व्हॅलीत गेल्या काही दशकांतले गाजलेले बहर १९९८, २००५ आणि २०१६ चे. अशा बहराला इथे सुपरब्लूम म्हणतात. २००४-०५ च्या मोसमात तिथे सहा इंचांहून जास्त पाऊस पडला होता, म्हणजे सरासरीच्या तिप्पट. २०१६ च्या बहराचं मूळ ऑक्टोबर २०१५ मधल्या वादळात होतं. त्या पावसाने उत्तरेकडच्या स्कॉटीज कॅसल भागात पूर येऊन रस्ता वाहून गेला, आणि त्याच ओलीवर दक्षिणेकडच्या रेताड उतारांवर डेझर्ट गोल्ड मांडीपर्यंत वाढलं. दक्षिणेला सॅन डिएगोच्या बाजूला असलेल्या अँझा-बोरेगो या राज्य उद्यानात मात्र २०१७ आणि २०१९ ही वर्षं गाजली. दोन्ही ठिकाणी एकाच वर्षी बहर येतोच असं नाही, हे यातून लक्षात घ्या.

मग प्रत्यक्षात करायचं काय? ऑक्टोबरपासून डोळे उघडे ठेवा. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या संकेतस्थळावर डेथ व्हॅलीच्या तळातल्या फर्नेस क्रीक या वस्तीचा पाऊस बघता येतो. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत एक अर्धा इंची पाऊस झाला का, एवढंच टिपून ठेवा. झाला असेल तर जानेवारीत पुन्हा बघा: त्यानंतर सरी आल्या का? एकूण दीड-दोन इंचांच्या वर आकडा गेला असेल तर फेब्रुवारीच्या अखेरीची किंवा मार्चची सुट्टी राखून ठेवायला हरकत नाही. पहिला पाऊसच झाला नसेल तर त्या वर्षी डेथ व्हॅलीला डोंगर, दगड आणि तारे बघायला जा, ते कधीच निराश करत नाहीत. फुलांची आशा मात्र ठेवू नका. एल निन्योचं वर्ष आहे, म्हणून फुलं येणारच असंही कुणी सांगितलं तर मान हलवा आणि पावसाचा आकडा बघा.

फेब्रुवारी लागला की आकड्यांवरून नजर काढून बातम्यांकडे वळवायची. डेथ व्हॅली नॅशनल पार्कच्या संकेतस्थळावर फुलांचं स्वतंत्र पान आहे, तिथे रेंजर मोसमात माहिती घालतात. दक्षिण कॅलिफोर्नियासाठी थिओडोर पेन फाउंडेशनची वाइल्डफ्लॉवर हॉटलाइन मार्च ते मे दर शुक्रवारी कुठे काय फुललंय ते सांगते. आणि माझा सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे आयनॅचरलिस्ट, लोक आपल्याला दिसलेल्या झाडा-प्राण्यांचे फोटो जिथे नोंदवतात ते ॲप. त्यात डेझर्ट गोल्डचं नाव घालून फक्त गेल्या आठवड्याभरातल्या नोंदी बघा. फोटोतली फुलं ताजी आहेत की कडा वाळू लागल्यात, झाडावर कळ्या किती आहेत, हे मोठं करून बघता येतं. कळ्या भरपूर असतील तर अजून दहा-बारा दिवस हाताशी आहेत. नुसती बोंडं दिसत असतील तर तिथला खेळ आटोपला. इन्स्टाग्रामवरच्या फोटोंवर विसंबू नका; तिथे २०१६ चे फोटो दर वर्षी नव्याने येतात.

मग उंची

वाळवंटातला वसंत खालून वर चढत जातो. हे एक सूत्र कळलं की तारीख ठरवणं सोपं होतं. डेथ व्हॅलीत तळाजवळचे उतार फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत फुलतात. दोन ते पाच हजार फुटांच्या पट्ट्यात एप्रिलच्या सुरुवातीपासून मेच्या सुरुवातीपर्यंत फुलं असतात, आणि त्याहून वर मे-जूनपर्यंत. डेझर्ट गोल्ड हे खालच्या पट्ट्याचं फूल आहे, साधारण चार हजार फुटांच्या खालीच. म्हणून त्याच्यासाठी मार्च धरा. अँझा-बोरेगोत थोडं आधी, फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत.

आई-बाबांचं तिकीट एप्रिलच्या अखेरीचं असेल तर डेझर्ट गोल्डचा हट्ट सोडा आणि वर जा. खाली तेव्हा झाडं वाळलेली असतात आणि ऊनही सोसत नाही. फर्नेस क्रीकला मार्चमध्ये दुपारचं सरासरी तापमान २८ अंशांच्या आसपास असतं, एप्रिलमध्ये ३३, आणि मेमध्ये ३८ च्या पुढे.

नेमकं कुठे उभं राहायचं

डेथ व्हॅली म्हटलं की सगळे आधी बॅडवॉटरला धावतात. समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली, पांढऱ्याशुभ्र मिठाचं मैदान. बघायलाच हवं, पण फूल शोधायला नाही. त्या मिठात काही उगवत नाही. फुलं असतात ती मिठाच्या कडेने वर चढणाऱ्या उतारांवर. डोंगरातल्या घळीतून पुराबरोबर वाहून आलेली खडी आणि रेती घळीच्या तोंडाशी पंख्यासारखी पसरते. असे एकाला लागून एक पंखे डोंगराच्या पायथ्याशी दिसतील. डेझर्ट गोल्डला ही निचऱ्याची, रेतीमिश्र जमीन आवडते.

त्यामुळे फर्नेस क्रीकहून बॅडवॉटर रोडने निघा, बॅडवॉटर मागे टाका आणि दक्षिणेकडे ॲशफर्ड मिलच्या बाजूला जात राहा. २०१६ ला सगळ्यात दाट फुलं याच बाजूला होती. तिथून पुढे जुबिली खिंडीकडे चढणारा रस्ताही फुलांसाठी जुना नावाजलेला आहे. वेळ कमी असेल तर हायवे १९० वर फर्नेस क्रीकच्या आसपासचे उतार आणि उत्तरेला डेलाइट पासचा पायथा बघा. निघण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर रस्ते चालू आहेत का ते बघून घ्या. ज्या पावसाने फुलं आणली, त्यानेच रस्ता वाहून नेलेला असतो, असं इथे पुष्कळदा होतं.

एक गोष्ट लक्षात येईल: डांबरी रस्त्याच्या दोन्ही कडांना फुलं जास्त दाट आणि उंच असतात. डांबरावर पडलेलं पाणी वाहून कडेला जमतं, म्हणून तिथल्या झाडांना दुप्पट ओल मिळते. पाऊस बेताचा झालेल्या वर्षी तर फक्त या कडाच पिवळ्या दिसतात. चालता न येणाऱ्या आजी-आजोबांसाठी ही मोठीच सोय आहे.

सॅन डिएगो आणि लॉस एंजेलिसकरांना अँझा-बोरेगो जास्त जवळ. कॅलिफोर्नियातलं हे सगळ्यात मोठं राज्य उद्यान, सॅन डिएगोहून साधारण दोन तास. मधोमध बोरेगो स्प्रिंग्स हे छोटं गाव आहे. तिथल्या हेंडरसन कॅन्यन रोडच्या कडेच्या सपाट रेताड जमिनीवर चांगल्या वर्षी डेझर्ट गोल्डची शेतंच्या शेतं दिसतात. त्यांच्या पायाशी जांभळट गुलाबी सँड व्हर्बिना पसरलेली आणि मधूनच पांढरी ड्यून ईव्हनिंग प्रिमरोझ. ही पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, म्हणून सूर्य उतरेपर्यंत थांबायची तयारी ठेवा. गावातल्या व्हिजिटर सेंटरमध्ये त्या आठवड्यात कुठे काय फुललंय ते सांगतात. तिथे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बोरेगोत फुलांच्या जोडीला अळ्याही बघा. स्फिंक्स मॉथ या पतंगाच्या बोटाएवढ्या जाड, पिवळ्या-काळ्या-हिरव्या अळ्या चांगल्या वर्षी हजारोंनी निघतात आणि डेझर्ट गोल्डची झाडं फस्त करतात. काल पिवळा दिसलेला पट्टा दोन दिवसांत नुसत्या काड्या होऊन उरतो. फुलं बघायला आलेल्यांचा जीव हळहळतो, पण याच दिवसांत अर्जेंटिनाकडून उत्तरेला निघालेले स्वेन्सन ससाणे बोरेगोच्या खोऱ्यात उतरतात आणि या अळ्यांवर ताव मारतात. सकाळी आकाशात त्यांचे थवे घिरट्या घालताना दिसतात. पक्षी मोजणारे स्वयंसेवक दुर्बिणी लावून बसलेले असतात, त्यांच्याशी जाऊन बोला. फार आपुलकीने दाखवतात.

हेच ते फूल, हे कसं ओळखायचं

वाळवंटात वसंतात फुलणारी निम्मी फुलं पिवळीच असतात, त्यामुळे गोंधळ ठरलेला. डेझर्ट गोल्डचं एक झाड निवडा आणि त्याच्यापाशी खाली बसा. फूल सूर्यफुलाच्या छोट्या आवृत्तीसारखं, साधारण पाच सेंटिमीटर रुंद. मधली चकती गडद सोनेरी, भोवती दहा ते वीस पाकळ्या, आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला बारीक खाचा. आता फूल हलकेच बाजूने बघा. खालच्या हिरव्या दलांच्या कडांना लांब पांढरे केस असतात, अगदी पापण्यांसारखे. ही त्याची पक्की खूण. खोड आणि राखाडी-हिरवी पानंही केसाळ. सकाळी किंवा उतरत्या उन्हात सूर्याकडे तोंड करून बघितलं की प्रत्येक कळीभोवती त्या केसांची चांदीची कडा उजळते. फोटोही तेव्हाच काढा. भर दुपारी पिवळा रंग फोटोत पार फटफटीत होतो.

उंचीवर जाऊ नका. भरपूर ओल मिळालेलं झाड मांडीपर्यंत जातं आणि त्याला फांद्या फुटून डझनावारी फुलं येतात. जेमतेम ओलीवर तगलेलं झाड बोटभरच राहतं आणि टोकाला एकच फूल धरतं. झाड तेच.

ब्रिटलबुशशी सगळ्यात जास्त गल्लत होते. पण ब्रिटलबुश हे बारमाही झुडूप आहे, खडकाळ उतारांवर वाढतं. चंदेरी पानांचा गोल घुमट आणि त्यातून वर काढलेल्या लांब दांड्यांवर फुलं, असा त्याचा थाट. तुम्हाला गोल झुडूप दिसलं तर ते डेझर्ट गोल्ड नाही. डेझर्ट डँडेलियन फिकट लिंबाच्या रंगाचं असतं, त्याला मधली चकतीच नसते, आणि कोवळ्या फुलाच्या मध्यावर लाल ठिपका दिसतो. गोल्डन ईव्हनिंग प्रिमरोझला चारच पाकळ्या. ॲरिझोनाकडे डेझर्ट मॅरिगोल्ड खूप दिसतं: खाली लोकरी पानांचा झुबका आणि वर लांब, जवळजवळ बिनपानांच्या दांडीवर भरगच्च फूल.

आणि एक पिवळं फूल असं आहे, जे दिसल्यावर आनंद मानू नये. सहारा मस्टर्ड, म्हणजे आपल्या मोहरीचीच बहीण. उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाकडून आलेलं हे तण. फिकट पिवळी, चार पाकळ्यांची बारीक फुलं, खाली खरखरीत मोठी पानं, आणि मोहरीसारख्याच शेंगा. ते डेझर्ट गोल्डच्या आधी रुजतं, आधी वाढतं, ओल आणि ऊन दोन्ही पळवतं. बोरेगोच्या खोऱ्यात काही वर्षी जिथे फुलांची शेतं असायची तिथे नुसती मोहरी माजलेली असते. स्वयंसेवक दर हिवाळ्यात ती उपटायला येतात. तुम्ही मनाने उपटायला जाऊ नका, पण बोरेगोजवळ राहत असाल तर त्यांच्याबरोबर एक सकाळ जरूर द्या.

गाडी, पाणी, खाणं

बे एरियातून निघणाऱ्यांनी हे नीट वाचा. उन्हाळ्यात योसेमिटीतून टायोगा खिंड ओलांडून जाता येतं. फुलांच्या दिवसांत ती बर्फाने बंद असते. म्हणजे बेकर्सफील्ड, टेहाचापी, रिजक्रेस्ट असं दक्षिणेने वळसा घालूनच जावं लागतं, आणि वाटेतल्या थांब्यांसकट अख्खा दिवस मोडतो. तीन दिवसांहून कमी वेळ असेल तर लास व्हेगासला विमानाने जाऊन तिथून गाडी घ्या. व्हेगास ते फर्नेस क्रीक दोन तासांचा रस्ता. लॉस एंजेलिसहून चार-पाच तास धरा.

पेट्रोलची टाकी उद्यानात शिरण्याआधी भरा: पॅरम्प, बीटी किंवा रिजक्रेस्टला. आत पंप आहेत, पण मोजके आणि महाग. मोबाइलला बऱ्याच भागात नेटवर्क नसतं, म्हणून नकाशे आधीच उतरवून घ्या आणि व्हिजिटर सेंटरमधला कागदी नकाशाही हातात ठेवा. फोनने जवळचा म्हणून दाखवलेला कच्चा रस्ता धरायचा नाही, मग तो कितीही सरळ दिसो. भाड्याच्या साध्या गाडीने तर अजिबात नाही. प्रवेशाचे पैसे कार्डाने द्यावे लागतात, रोख घेत नाहीत.

पाणी दर माणशी दिवसाला निदान चार लिटर. हवा इतकी कोरडी असते की घाम आल्याचं कळतच नाही, तो त्याच क्षणी उडून जातो. आई-बाबांना तहान लागली नाही तरी तासातासाला पाणी द्या, सोबत ओआरएसची पाकिटं ठेवा. खायला दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, संत्री. उद्यानात शाकाहारी खाणं मिळतं, पण मिळेल तेव्हा आणि मिळेल ते. बहराच्या शनिवार-रविवारी उपाहारगृहांसमोर मोठी रांग असते. शक्य असेल तर मधल्या वारी जा. मुक्काम उद्यानात मिळाला नाही तर बीटी, पॅरम्प किंवा शोशोनी बघा.

चपला नकोत, बंद बूट घाला. मार्चमध्ये रॅटलस्नेक बाहेर पडू लागतात. झुडपाखाली, दगडाआड न बघता हात-पाय घालू नका. डेझर्ट गोल्डच्या शेजारी जांभळ्या फुलांची, टोकाशी विंचवाच्या नांगीसारखी वळलेली फॅसिलिया असते. दिसायला देखणी, पण तिच्या केसांनी काहींच्या अंगावर पुरळ उठतं, तेही लगेच नाही, दुसऱ्या दिवशी. मुलांना ती हातात घेऊ देऊ नका. दुपारनंतर वारा सुटतो आणि फुलं एका जागी ठरत नाहीत, म्हणून जवळून बघण्याचं आणि फोटोचं काम सकाळी उरका.

तिथे वागायचं कसं

फूल तोडायचं नाही. नॅशनल पार्कात आणि राज्य उद्यानात तो गुन्हा आहे. आपल्या आयांना फूल दिसलं की देवासाठी चार खुडावीत असं वाटतं, ते मी समजू शकते. त्यांना आधीच प्रेमाने सांगून ठेवा. ड्रोनलाही नॅशनल पार्कात बंदी आहे.

पण तोडण्यापेक्षा जास्त नुकसान तुडवण्याने होतं, आणि ते करणाऱ्याला कळतही नाही. दहा वर्षांत एकदा आलेल्या पावसावर जे झाड उभं राहिलंय, त्याला बी टाकायला जेमतेम काही आठवडे मिळतात. फुलात असताना ते पायाखाली मोडलं तर त्याचं बी वाळूत पडत नाही, आणि पुढच्या चांगल्या पावसात रुजायला तिथे तेवढं कमी उरतं. शिवाय एकाने फुलांत शिरून फोटो काढला की पायवाट दिसू लागते, मग मागचे सगळे त्याच वाटेने शिरतात. लेक एल्सिनोरच्या वॉकर कॅन्यनमध्ये २०१९ ला पॉपीची नारिंगी फुलं बघायला इतकी गर्दी लोटली की गावाचे रस्ते तुंबले, टेकड्यांवर जागोजागी उघडे पट्टे पडले. २०२३ च्या मोसमात प्रशासनाने तो कॅन्यन लोकांसाठी बंदच ठेवला.

म्हणून चालायचं ते पाण्याच्या कोरड्या ओहोळातून, खडीवरून किंवा असलेल्या पायवाटेवरून. फुलांच्या मधोमध बसल्यासारखा फोटो हवा असेल तर कडेला उकिडवं बसा आणि फोन फुलांच्या उंचीवर धरा. समोरची फुलं मागच्या फुलांत मिसळून हवा तो गालिचा आपोआप दिसतो. गाडी रस्त्यापासून पूर्ण बाजूला घ्या, पण झाडांवर नाही. तशी जागा नसेल तर पुढे जा, मैलभरावर मिळतेच. वळणावर गाडी थांबवून दार उघडणं जिवावर बेतू शकतं.

बहर नसलेल्या वर्षी

बहुतेक वर्षं अशीच असतात, आणि नवख्या माणसाने पहिल्यांदा अशाच वर्षी जावं असं माझं मत आहे. गालिचा असला की डोळा गालिच्यावरच राहतो. विरळ वर्षी तुम्ही ओहोळाच्या कडेने सावकाश चालता, एखाद्या दगडाच्या आडोशाला थांबता आणि तिथे बोटभर डेझर्ट गोल्ड सापडतं. दगडाच्या सावलीने ओल धरली, वारा अडवला, म्हणून नेमकं तिथेच ते तगलं, हे समोर दिसतं. अर्धा तास खाली बसलात तर फुलावर छोट्या रानमधमाश्या येताना दिसतील. चकतीतली फुलं बाहेरून आत क्रमाने उमलतात, त्यामुळे कुठल्या वर्तुळात पराग आहे आणि कुठलं अजून मिटलेलं आहे, हे नुसत्या डोळ्यांनी बघता येतं. मुलं असतील तर एक छोटं भिंग बरोबर न्या.

एप्रिलमध्ये गेलात आणि झाडं वाळलेली मिळाली, तरी बोंडात डोकवा. काळं चपटं बी, कडेने पांढऱ्या केसांची किनार आणि वर दोन टोकं. हे बी उंदीर-खारी गोळा करतात, पक्षी टिपतात, आणि उरलेलं वारा वाळूत पुरतो. बघून झालं की ते तिथेच राहू द्या. कुंडीत लावायला म्हणून खिशात टाकणंही फूल तोडण्याइतकंच बेकायदा आहे. घरी हवंच असेल तर कॅलिफोर्नियात देशी झाडांच्या रोपवाटिका वाळवंटी फुलांचं बियाणं विकतात, तिथून घ्या. शरदात रेताड जमिनीत पेरा, वरून झारीने दोन-तीनदा भरपूर पाणी द्या, आणि रोपं वर आली की पाण्याचा हात आवरा.

घरी परतल्यावर काढलेले फोटो तारीख आणि जागेसकट आयनॅचरलिस्टवर चढवा. एकच फूल दिसलं असलं तरी चढवा, आणि वाळलेलं असलं तरीही. पुढच्या शुक्रवारी कुणीतरी त्याच नोंदीवरून गाडी काढायची की नाही ते ठरवणार असतं.